नौपाड्यातल्या छोट्या टॅक्स ऑफिसात क्लायंटकडून पॅन, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट व्हॉट्सअ‍ॅपऐवजी सुरक्षितपणे कसं मागवावं?

मायक्रोसॉफ्ट ३६५ चं बिझनेस खातं असेल तर वनड्राइव्हमधलं (मायक्रोसॉफ्टची फाइल ठेवायची ऑनलाइन जागा) ‘रिक्वेस्ट फाइल्स’ वापरा. वेगळं पोर्टल बांधून घ्यायची गरज नाही. कारण या लिंकवरून फाइल फक्त आत जाते. पाठवणाऱ्याला फोल्डरमधलं काहीच दिसत नाही, आणि त्याला खातं किंवा पासवर्डही लागत नाही. नेहमी होणारी चूक म्हणजे सगळ्यांचा एकच साधा फोल्डर ‘एडिट’ परवानगीने शेअर करणं. मग घोडबंदर रोडच्या क्लायंटला वाशीच्या क्लायंटचं बँक स्टेटमेंट उघडता येतं, हे फार गंभीर आहे.

ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडा, प्रत्येक क्लायंटचा वेगळा फोल्डर करा, तो निवडून ‘रिक्वेस्ट फाइल्स’ दाबा, काय हवंय ते लिहा (‘फॉर्म १६, पीडीएफ, फोटो नको’) आणि लिंक पाठवा. अपलोड करताना नाव विचारलं जातं आणि तेच फाइलच्या नावापुढे लागतं, त्यामुळे ‘स्कॅन००१’ कोणाचं हे शोधत बसावं लागत नाही.

बटण दिसतच नसेल तर बहुधा अ‍ॅडमिन सेटिंगमध्ये ‘एनीवन’ लिंक (खातं नसलेल्यालाही वापरता येणाऱ्या) बंद असतात; त्या चालू कराव्या लागतात. गूगल फॉर्मनेही फाइल घेता येते, पण क्लायंटला गूगल लॉगिन करावंच लागतं आणि ज्येष्ठ मंडळी नेमकी तिथेच अडकतात.

मात्र लिंक सुरक्षित असली तरी ऑफिसचं खातं उघडं राहू शकतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आधी लावा, आणि आधार मागायचंच असेल तर शेवटचे ४ अंक दिसणारं मास्क्ड आधार मागा.