लंडनहून पूर्वेला निघालं की पर्वती

प्रश्न : नातीनं इंटरनेटवरचं एक कोडं आणून दिलं. ‘लंडनच्या चेरिंग क्रॉसपासून, खऱ्या उत्तरेपासून मोजून 90.4 अंशांवर तोंड करा आणि नाकासमोर 7,306 किलोमीटर या. तिथून जळालेला वाडा 20 अंशांवर, 2.6 किलोमीटर. टीव्ही टॉवर असलेला गड 214 अंशांवर, 17.4 किलोमीटर. मी कुठे आहे?’ वाडा म्हणजे शनिवारवाडा आणि गड म्हणजे सिंहगड, एवढं ओळखलं. पण 90 अंश म्हणजे पूर्व. लंडनच्या अक्षांशावर एका रेखांशाला 69 किलोमीटर धरून मी पूर्वेला सरकत गेलो, तो थेट सैबेरियात बैकल सरोवराच्या काठी! शिवाय नात म्हणते, पुण्याहून लंडन 319 अंशांवर येतं. उलट दिशा 270 यायला नको का? कोडंच चुकलंय का?
– एक आजोबा, कोथरूड

उत्तर : कोडं बरोबर आहे, तुमचा भागाकारही बरोबर आहे. घोटाळा ‘पूर्वेला सरकत गेलो’ इथे आहे. कोडं म्हणतं नाकासमोर, आणि तुम्ही अक्षवृत्त धरून चाललात. विषुववृत्त सोडलं तर प्रत्येक अक्षवृत्त हा वळणाचा रस्ता असतो. उत्तर ध्रुवापासून दहा पावलांवर उभे राहा आणि सतत पूर्वेला चाला. ध्रुवाला प्रदक्षिणा घालत बसाल. लंडनलाही तेच होतं, फक्त वळण इतकं मोठं की पायाला कळत नाही.

घरात पृथ्वीगोल असेल तर लंडन ते पुणे दोरा ताणून धरा. नसेल तर मोसंबं चालेल, मी वर्गात तेच न्यायचे. दोरा लंडनहून पूर्वेला निघतो, उतरत उतरत कॉकेशसवरून जातो आणि पुण्यात शिरतो तो वायव्येकडून. रेखावृत्तं ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात, म्हणून सरळ दोरा प्रत्येकीला वेगळ्या कोनात कापतो. जाताना 90.4 आणि परतताना 319, दोन्ही खरे.

‘उलट दिशा म्हणजे 180 मिळवा’ हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं ते मला माहीत आहे, कारण मीही डिप्लोमाच्या पोरांकडून तेच घोकून घ्यायचे. फोर बेअरिंग म्हणजे जातानाचा दिशाकोन, बॅक बेअरिंग म्हणजे परतीचा, फरक 180. कॉलेजच्या मैदानापुरतं ते अगदी खरं. तिथे 180 आले नाहीत तर समजायचं, जवळपास लोखंड आहे. एका वर्षी एका गटाचा ट्रॅव्हर्स, म्हणजे दिशा आणि अंतरं मोजत मैदानाभोवती घातलेला फेरा, काही केल्या मिटेना, शेवट सुरुवातीला जुळेना. जाऊन बघते तर कंपासवाला गोलपोस्टला टेकून रीडिंग घेतोय!

भिंतीवरच्या नकाशावर पुणे-लंडन पट्टी ठेवून कोन मोजलात तर साधारण 299 येतील, म्हणजे तिसरंच उत्तर. हा मर्केटरचा नकाशा, 1569 मधला, खलाशांसाठी काढलेला. एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट त्यावर सरळ रेघ दिसते. मात्र ती सगळ्यात जवळची वाट नसते. फोनवरचे नकाशेही बहुतेक याच घराण्यातले.

हातानं करून बघायचं असेल तर 7,306 ला 111.2 नं (पृथ्वीगोलावर सरळ वाटेच्या एका अंशाचे एवढे किलोमीटर) भागा, 65.7 अंश येतात. दिशाकोन नेमका 90 असता तर हव्या असलेल्या अक्षांशाचा साइन म्हणजे साइन 51.5 गुणिले कोसाइन 65.7, बास. कॅल्क्युलेटर 18.8 अंश दाखवेल. वरच्या 0.4 अंशानं तो दक्षिणेला ढळून साधारण 18.5 होतो, म्हणजे आपलं पुणं. मात्र इतक्या लांबवर दिशाकोनाच्या दशांश अंशाची किंमत 10 किलोमीटर आहे. त्यामुळे लंडनच्या ओळीतून शहर कळतं, शहरातली जागा नाही.

जागेसाठी जवळच्या दोन खुणा. इथे बिनधास्त 180 मिळवा-वजा करा, कागद सपाट धरला तरी चालतो. शनिवारवाड्यावरून 200 अंशांची रेघ, सिंहगडावरून 34 अंशांची. कोडं घालणाऱ्याचे मार्क मी इथे कापले असते. या दोन रेघा एकमेकींना जेमतेम 14 अंशांत छेदतात. असा चपटा छेद पेन्सिलीच्या जाडीनंही कुठल्या कुठे सरकतो. 30 अंशांच्या आतला छेद दिसला की मी वहीवर लाल शेरा मारायचे. म्हणून सिंहगडाची रेघ फक्त पडताळ्याला ठेवा, आणि वाड्यापासून 200 अंशांच्या रेघेवर 2.6 किलोमीटर मोजा. पर्वतीच्या देवळात पोहोचाल. पावसाळा सरला की नातीला घेऊन वर जा, हवा स्वच्छ असली तर नैऋत्येला तो टॉवर दिसतो.

प्रश्न : फोनमधला कंपास घरात एक दिशा दाखवतो आणि गच्चीत दुसरी. खरी कोणती?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : बहुधा दोन्ही खोट्या. स्लॅबमधल्या सळया, फ्रिज, स्पीकर, सगळे फोनमधल्या चुंबकीय सेन्सरला ओढतात. गच्चीतही सळया आहेतच. मोकळ्या मैदानात, गाड्यांपासून लांब, फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा आणि मग वाचा. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक पुण्यात एका अंशाच्याही आत आहे, तो सोडून द्या. आणि फोनच्या कव्हरच्या झाकणाला चुंबक असेल तर आधी ते काढा.