कोल्हापुरातले वाहनतळ ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचा प्रस्ताव आला, तर हरकतीत नेमकं काय लिहावं?

‘खासगीकरणाला आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलेल्या हरकतीवर आवक क्रमांक पडतो, ‘नोंद घेतली’ असा शेरा येतो आणि विषय संपतो. बिंदू चौक, गाडी अड्डा किंवा सरस्वती टॉकीजजवळच्या जागा उद्या ठेकेदाराला द्यायचं ठरलं, तर तुमचा कल विरोधाचा असो वा पाठिंब्याचा, भांडायचं ते करारनाम्याच्या मसुद्यावर. म्हणून आधी मसुदा हातात घ्या.

महापालिकेच्या इस्टेट (मालमत्ता) विभागाकडे चार कागद मागा: मूळ प्रस्ताव, जागेचा मूल्यांकन अहवाल, करारनाम्याचा मसुदा आणि गेल्या तीन वर्षांची वाहनतळनिहाय जमा व खर्च. माहिती अधिकारात मागायचे तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत बसवायचा, त्यामुळे मूल्यांकनाचा अर्ज वेगळा आणि जमेचा वेगळा करा. अडचण अशी की उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे आणि हरकतींची मुदत त्याआधीच संपू शकते. म्हणून त्याच दिवशी आयुक्तांना दुसरं पत्र द्या. महत्त्वाचं धोरण ठरवताना सगळी संबंधित माहिती आपणहून जाहीर करायची जबाबदारी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ग) ने प्रशासनावर टाकलेली आहे, ती दाखवून मसुदा प्रसिद्ध करा आणि मुदत वाढवा, असं त्यात मागा.

कायद्यातला सगळ्यात भक्कम आधार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये आहे. आयुक्तांना स्वतःच्या अधिकारात स्थावर मालमत्ता एका वेळी १२ महिन्यांपर्यंतच भाडेपट्ट्याने देता येते. त्यापुढच्या मुदतीला मालमत्तेच्या किमतीनुसार स्थायी समितीची किंवा महासभेची मंजुरी लागते. शिवाय मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असून चालत नाही. तेव्हा पहिला प्रश्न मंजुरी कोणी, कोणत्या ठरावाने दिली. दुसरा, बाजारभाव कसा काढला.

दुसऱ्या प्रश्नावर वेळ घालवा, कारण खरी गोम तिथेच असते. समजा एका वाहनतळाचं खर्च वजा जाता उत्पन्न वर्षाला ३० लाख आहे. ९ टक्के व्याजदराने ३० वर्षांच्या उत्पन्नाचं आजचं मूल्य (पुढे मिळणारे पैसे आज किती मोलाचे) काढलं तर साधारण ३ कोटी ८ लाख येतं. पण उत्पन्न दरवर्षी ५ टक्के वाढेल असं धरलं, तर तोच आकडा ५ कोटींच्या वर जातो. अहवालात वाढीचा दर शून्य धरलेला असेल, तर महापालिका दोन कोटी रुपये कागदावरच सोडून देते. वाढीचा दर, व्याजदर आणि पायाभूत वर्षाचं (ज्या वर्षावरून हिशोब सुरू केला त्याचं) उत्पन्न हे तीन आकडे कोणत्या पानावर आहेत, ते हरकतीत लिहून मागा. पायाभूत वर्ष २०२० किंवा २०२१ असेल तर तिथेच थांबवा, ती टाळेबंदीची वर्षं आहेत.

उत्पन्नाचा आकडा पटत नसेल तर स्वतः मोजा. सकाळी ८ ते रात्री १० दर अर्ध्या तासाला उभ्या गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे चार अंक टिपायचे. एक मंगळवार किंवा शुक्रवार (अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी), एक रविवार आणि एक साधा बुधवार पुरे. जागा किती भरते आणि एक गाडी किती वेळ थांबते, हे दोन्ही त्यातून निघतं. दुचाकी वेगळ्या मोजा. चारचाकीच्या एका जागेत (२.५ बाय ५ मीटर) मापानं सहा दुचाकी बसतात. पण सहा दुचाकींचा मिळून दर एका चारचाकीपेक्षा कमी पडत असेल तर ठेकेदार त्यांना हळूहळू बाहेर रस्त्यावर ढकलतो. दुचाकींच्या किमान जागा करारात आकड्याने लिहून घ्यायला लावा.

आता करारातली कलमं. नुकसानभरपाईचं कलम सगळ्यात आधी वाचा. शिकागोने २००८ मध्ये रस्त्यावरचे सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी ११५ कोटी डॉलरना दिले, नगर परिषदेने काही दिवसांतच मंजुरी दिली. पुढच्याच वर्षी शहराचा कारभार तपासणाऱ्या तिथल्या महानिरीक्षकांनी शहराला सुमारे ९७ कोटी डॉलर कमी मिळाल्याचा अहवाल दिला. आणि तिथे रस्ता बंद ठेवला की शहर कंपनीला भरपाई देत बसतं. आपल्याकडे नवरात्र, दसरा, गणेश विसर्जन, एखादा मोर्चा. अशा दिवसांची भरपाई नाही, हे स्पष्ट शब्दांत हवं. त्याच जोडीला ‘जवळपास दुसरा वाहनतळ काढणार नाही’ अशी अट कुठे दडली आहे का ते पाहा. ती राहिली तर तीस वर्षं महापालिकेचे हात बांधले जातात.

बाकी थोडक्यात: दरवाढीला महागाई निर्देशांकाची वरची मर्यादा, पोटठेक्याला बंदी, जाहिरात फलकांच्या उत्पन्नात वाटा, रहिवाशांना मासिक पास, आणि मुदतीनंतर लिफ्टसकट चालू स्थितीत ताबा.

रस्त्यावरचं पार्किंग यात घातलं असेल तर वेगळी हरकत घ्या. गाड्या कुठे थांबतील हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ खालच्या अधिसूचनेने ठरतं, ठेक्याने नाही. भूखंडावर विकास आराखड्यात वाहनतळाचं आरक्षण असून तिथे दुसरं काही येणार असेल, तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे फेरबदल आणि त्याच्या स्वतंत्र हरकती लागतात.

‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांना कोल्हापूरच्या टोलची आठवण द्या. ४९.४९ किलोमीटर रस्त्यांचा तो करारही ३० वर्षांचा होता. टोलविरोधी कृती समितीला रस्त्यावर उतरावं लागलं, २०१५ च्या अखेरीस शासनाने टोल रद्द केला, पण रस्ते करणाऱ्या कंपनीचे पैसे सरकारी तिजोरीतूनच गेले.

हरकत दोन प्रतींत द्या, पोच प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या, आणि ‘व्यक्तिशः सुनावणी मिळावी’ हे वाक्य विसरू नका. एकाच छापील मजकुरावर शंभर सह्या घेतल्या की ती एकच हरकत धरली जाते. तालीम, व्यापारी, रिक्षा संघटना यांनी आपापल्या मुद्द्यावर वेगळं लिहावं. करार झालाच, तर एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे दुय्यम निबंधकाकडून प्रत काढून ती मसुद्याशी कलमवार ताडून बघा.