वाचकांचे प्रश्न : फी, दाखले आणि शिष्यवृत्ती

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या मुलाला सीईटीनंतर (सामाईक प्रवेश परीक्षा) कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) दुसऱ्या फेरीत मुंबईतल्याच एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात अभियांत्रिकीची जागा मिळाली आहे. आम्ही खुल्या प्रवर्गातले. मी कंपनीची गाडी चालवतो, पगार महिना ३२ हजार. पत्नी घरी शिवणकाम करून सरासरी ८ हजार मिळवते. वर्षाची फी १ लाख ४० हजार असून ती आत्ता पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, असे महाविद्यालयाच्या कार्यालयात सांगितले. अडीच लाखांवर उत्पन्न असले की काही मिळत नाही, असे शेजारी म्हणतात. शिवाय माझ्या वडिलांना हे अर्ज करणे कमीपणाचे वाटते. आम्ही काय करावे?
— एक पालक, विक्रोळी

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांनी सांगितलेली अडीच लाखांची मर्यादा खरी आहे, परंतु ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची आहे. आपल्या मुलासाठी जी योजना आहे ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, जिला कार्यालयांत आजही सगळे 'ईबीसी' (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणतात, आणि तिची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक ८ लाख उत्पन्नाची आहे. आपले दोघांचे मिळून उत्पन्न ४ लाख ८० हजार होते, म्हणजे आपण निश्चित पात्र आहात. पत्नीचे शिवणकामाचे पैसे दाखवायचे की नाही, असा विचार मनात येत असेल तर तो सोडून द्यावा; ते दाखवूनही आपण मर्यादेच्या पुष्कळ आत आहात आणि दाखल्यावरचा आकडा खरा असला की पुढे चौकशीची भीती राहत नाही.

आता फीचा हिशेब पाहू. या योजनेत शासन शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा निम्मा भाग भरते. विकास शुल्क त्यात येत नाही. समजा, १ लाख ४० हजारांपैकी शिक्षण शुल्क १ लाख २५ हजार आणि विकास शुल्क १५ हजार असेल, तर शासनाचा वाटा ६२ हजार ५०० होतो आणि आपल्याला ७७ हजार ५०० भरावे लागतात. म्हणून सर्वांत आधी शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या फीची फोड महाविद्यालयाकडे मागावी. (याच उत्पन्नगटातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गातील मुलीला कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल, तर २०२४-२५ पासून ही सवलत १०० टक्के आहे. ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे, कारण 'एवढी फी कुठून आणायची' म्हणून मुलीचे नाव काढून साध्या अभ्यासक्रमाला घालणारे पालक मी दरवर्षी पाहते आणि मला त्याचे फार वाईट वाटते.)

पूर्ण रक्कम आधी भरून घेण्याबाबत सांगायचे तर, पात्र विद्यार्थ्याकडून शासनाचा वाटा प्रवेशाच्या वेळी मागू नये, अशा सूचना महाविद्यालयांना वेळोवेळी दिल्या गेल्या आहेत. तेव्हा खिडकीवर वाद न घालता प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहावा, त्याला कॅपचे जागावाटप पत्र आणि उत्पन्नाचा दाखला जोडावा, आणि आपल्या प्रतीवर आवक विभागाचा तारखेसह शिक्का घ्यावा. त्या शिक्क्याला फार किंमत आहे. प्रश्न तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या मुंबई विभागीय कार्यालयापर्यंत न्यावा लागला, तर तोंडी बोलण्याला तिथे काही आधार उरत नाही. जागा व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतली असती तर ही योजना लागू झालीच नसती, त्यामुळे जागावाटप पत्र जपून ठेवावे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. विक्रोळी कुर्ला तालुक्यात येते. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून करता येतो. आपला फॉर्म १६ (कंपनी देते ते पगार व करकपातीचे प्रमाणपत्र) किंवा पगारपत्रके आणि पत्नीच्या कामाचे स्वयंघोषणापत्र सोबत ठेवावे. दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, हे हातात पडताच वाचावे.

मी एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षे काम केले. एका मुलाचा अर्ज महाडीबीटीवर (आपल्या योजनेचा अर्जही राज्याच्या याच पोर्टलवर भरायचा असतो) मंजूर झाला होता, तरी त्याचे पैसे येत नव्हते, आणि त्याची आई दर सोमवारी कामावरून अर्धी रजा घेऊन माझ्यासमोर येऊन बसायची. शेवटी बँकेत चौकशी केली तेव्हा कळले की त्याचे आधार शाळेत असताना उघडलेल्या आणि केव्हाच बंद पडलेल्या खात्याशी जोडलेले होते. अर्जात तुम्ही कोणताही खाते क्रमांक लिहा, पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यातच जातात. अर्ज भरण्यापूर्वी बँकेत जाऊन 'आधार सीडिंग', म्हणजे आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे, ते तपासून घ्यावे. त्याचप्रमाणे आधारवरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव अक्षरशः जुळते का, तेही पाहावे. आणि अर्ज 'सेंड बॅक' झाला तर त्याचा अर्थ नामंजूर झाला असा घेऊ नये, त्रुटी दुरुस्त करून तो पुन्हा पाठवायचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो.

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा आणि एक आठवण करून द्यावी. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांच्या शिक्षणासाठी शिक्षक व लेखक असलेल्या केळुसकर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठीही बडोद्याचीच शिष्यवृत्ती मिळाली. केळुसकर गुरुजींना त्या वेळी शब्द टाकण्यात कमीपणा वाटला असता तर काय झाले असते, याचा विचार आजोबांनीच करावा. आपल्या नातवाच्या बाबतीत तर कुणाकडे शब्दही टाकायचा नाही. नियमाने ठरलेली सवलत आहे, तिचा फॉर्म भरायचा आहे.

प्रश्न : मी लालबागला राहते. बारावी सायन्सला चांगले गुण मिळाले आणि आता अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वडील नाहीत. आई पाळणाघरात काम करते, तिचे वर्षाचे उत्पन्न २ लाख १६ हजार आहे. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मला मिळेल का? एका न्यासाकडेही अर्ज करावा असे मैत्रीण म्हणते.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, अर्ज अवश्य कर आणि याच वर्षी कर, कारण ही केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती बारावीनंतर लगेच पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठीच आहे, पुढच्या वर्षी नव्याने मागता येणार नाही. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे शंभरातल्या ऐंशी विद्यार्थ्यांच्या पुढे) स्थान, या दोन मुख्य अटी आहेत. देशभरात दरवर्षी ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांतील निम्म्या मुलींसाठी असतात, आणि विज्ञान, वाणिज्य व कला शाखांत त्या ३:२:१ या प्रमाणात वाटल्या जातात. पदवीच्या काळात वर्षाला १२ हजार रुपये थेट तुझ्या खात्यात येतील. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. पुढे नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. हजेरीकडे पहिल्या दिवसापासून लक्ष दे.

न्यासाबाबत एक सावधगिरी बाळग. केंद्राच्या या योजनेसोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, म्हणून न्यासाच्या अर्जात ही गोष्ट स्पष्ट लिही आणि दोन्हींपैकी जास्त उपयोगाची कोणती ते ठरव. न्यासाला पत्र लिहिताना परिस्थितीचे लांबलचक वर्णन करू नकोस. घरभाडे, रेल्वेचा पास, प्रयोगशाळेचे साहित्य, पुस्तके यांचे महिन्याचे खरे आकडे लिही आणि आईच्या पगारातून किती उरते ते लिही. अर्ज वाचणाऱ्याला त्यावरून लगेच कळते की किती रक्कम कमी पडते आहे आणि कशासाठी.

प्रश्न : शिष्यवृत्तीची वाट पाहावी की सरळ शैक्षणिक कर्ज घ्यावे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोन्ही अर्ज एकाच वेळी करावेत, पण कर्जाची रक्कम शिष्यवृत्ती वजा करून ठरवावी. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाहीत, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत नसलेल्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, परतफेड सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात ३ टक्के सवलत आहे. परंतु ही योजना ठरावीक गुणवत्ताप्राप्त संस्थांनाच लागू आहे, तेव्हा बँकेत जाण्यापूर्वी प्रवेश घ्यायचे ते महाविद्यालय त्या यादीत आहे का ते पाहावे. नसेल, तर बँकेच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जाचा व्याजदर लेखी मागून घ्यावा आणि मगच सही करावी.