वाचक विचारतात : संध्याकाळी सातची आई

या वेळी आलेल्या पत्रांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या आयांची पत्रं सर्वांत जास्त आहेत. बहुतेक पत्रांच्या तळाशी 'नाव छापू नये' असं लिहिलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही. एक पत्र वडिलांचं आहे. तेही घेतलंय, आणि त्यांना थोडं ऐकावं लागणार आहे.

प्रश्न : डॉक्टर, मला साडेतीन वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी आहे. रोज सकाळी ठरवते, आज ओरडायचं नाही. दुपारपर्यंत जमतंही. संध्याकाळी सात वाजले की तोल सुटतो. परवा बाहेर निघताना मुलानं बूट स्वतःच घालायचा हट्ट धरला. धाकटी कडेवर रडत होती, उशीर झाला होता. मी बूट ओढून घेतला, त्याच्या पायात कोंबला आणि अशी काही ओरडले की तो एकदम गप्प झाला. तो गप्प झाला याचंच जास्त वाईट वाटतंय. मी वाईट आई आहे का?

उत्तर : नाही. पण एवढ्या एका शब्दासाठी तुम्ही दोन पानी पत्र लिहिलं नसणार.

आधी सात वाजण्याकडे बघू. साडेतीन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून १० ते १३ तास झोप लागते, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत हाच आकडा आहे. याच वयात बरीच मुलं दुपारची झोप सोडायला लागतात, आणि तीही धड सोडत नाहीत. एक दिवस झोपतात, दोन दिवस नाही. न झोपलेल्या दिवशी संध्याकाळी पोर पार विस्कटतं. रडायला त्याला बूट पुरतो, चमचाही पुरतो. अशा दिवशी त्याचं जेवण आणि झोप दोन्ही तासभर अलीकडे ओढा. बाहेरची कामं त्या वेळेला ठेवूच नका.

आता तुमच्याकडे. तपासायला येणाऱ्या आयांना मी हमखास विचारते, 'तुम्ही दुपारी काय जेवलात?' उत्तर ठरलेलं असतं : 'त्याचं उरलेलं संपवलं.' अंगावर पाजणाऱ्या आईला रोज काहीशे कॅलरी नेहमीपेक्षा जास्त लागतात, आणि ही बाई मुलाच्या ताटलीतल्या चार उष्ट्या घासांवर संध्याकाळ गाठते. सात वाजता तुमचा जो तोल जातो, त्यातला बराचसा भुकेचा असतो. पाचच्या सुमाराला बसून काहीतरी खा. बसून म्हणतेय मी, ओट्याशी उभं राहून नाही.

बुटाचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण मुलगा त्या वेळी काय करत होता ते घाईत कुणी बघत नाही. एकदा घाई नसताना शेजारी बसून बघा. तो आधी पाय आत ढकलतो, तेव्हा बुटाची जीभ आत दुमडते. ती बोटानं बाहेर काढताना टाच निसटते. टाच बसते तोवर वेल्क्रोचा पट्टा स्वतःलाच चिकटून बसलेला असतो. तो उचकटायचा, कडीतून ओवायचा, मागे ओढायचा. आणि एवढं सगळं करून बूट उलट्या पायात! यातल्या एकेका पायरीला दोन्ही हात, डोळे आणि डोकं एकत्र लागतं. त्याच्या दृष्टीनं तो हट्ट करत नव्हता, काम करत होता आणि तुम्ही त्याचं काम मध्येच काढून घेतलंत. म्हणून तो चिडला.

रोज एवढा वेळ कुठून आणायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतोय. रोज आणायचा नाहीच. घाईच्या दिवशी आधीच वाटणी करून टाका : एक बूट तुझा, एक माझा. 'पाच मिनिटांत निघायचंय' या वाक्याचा या वयात काडीचा उपयोग नाही, पाच मिनिटं म्हणजे किती हे त्याला कळत नाही. 'हे पुस्तक मिटलं की बूट' हे कळतं. आणि तो आडवा पडून रडत असेल तेव्हा समजावू नका. राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, साडेतीन वर्षांच्या मुलाकडे तो नुसता नावाला असतो. जवळ बसा, कमी बोला, ओसरू द्या.

ओरडून झाल्यावर काय? त्याच्याजवळ जाऊन सांगा, 'मी ओरडले. मला घाई होती. ओरडायला नको होतं.' इथे थांबा. 'पण तूसुद्धा…' हे शेपूट जोडलंत की माफी गेली आणि भाषण उरलं.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. धाकटी रडतेय, थोरला रडतोय आणि हात शिवशिवायला लागलेत असं वाटलं, तर धाकटीला तिच्या पाळण्यात उताणी ठेवा, थोरला सुरक्षित आहे ना ते बघा आणि पाच-दहा मिनिटं शेजारच्या खोलीत जा. तेवढ्या रडण्यानं बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे माहीत हवं.

प्रश्न : माझी मुलगी वर्षाची होईपर्यंत सगळं छान खायची. आता दोन वर्षांची आहे आणि तोंड घट्ट मिटून घेते. ताटली घेऊन तासभर मागे फिरावं लागतं. मोबाइल दाखवला तर चार घास जातात. टॉनिक सुरू करू का?

उत्तर : टॉनिक नको, फिरणंही नको. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, म्हणजे सहा-साडेसहा किलोंची भर. दुसऱ्या वर्षात भर पडते ती जेमतेम दोन-अडीच किलोंची. वाढीचा वेग उतरतो तशी भूकही उतरते. मुलीचं बरोबर चाललंय, ताटलीचं माप तेवढं मागच्या वर्षीचं आहे.

काय वाढायचं, केव्हा आणि कुठे हे तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिला ठरवू द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचला, चेहरा पाडू नका. मधल्या वेळच्या दुधाकडे जरा बघा : दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर पोट त्यानंच भरतं आणि पुढे अंगातलं लोहही कमी पडतं. नवी चव मुलं एकदा नाकारतात, दोनदा नाकारतात, काही वेळा दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर तोंडात घालतात. मोबाइलसमोर जातो तो घास तिला कळतच नाही, मग पोट भरलंय हे तरी कसं कळणार?

वजन वाढायचं थांबलं किंवा उतरलं, प्रत्येक घासाला ठसका लागतो, मुलगी फिकट आणि मलूल दिसते, असं काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझा अकरा महिन्यांचा मुलगा रात्री चार-पाच वेळा उठतो. घरचे म्हणतात, दूध कमी पडतंय. खरं का?

उत्तर : दिवसा नीट खात-पीत असेल आणि वजन वाढत असेल तर नाही. झोपेचं एक आवर्तन संपलं की आपण सगळेच किंचित जागे होतो, कूस बदलतो आणि विसरतो. बाळाचं आवर्तन तासाभराचंच असतं. त्यातून तो तुमच्या खांद्यावर झोपलेला आणि जाग आल्यावर खांदा गायब, मग तो खांदा मागणारच. दिवसभरातली एखादी झोप तरी डोळे मिटायच्या आधी अंथरुणावर ठेवून लागू द्या. रातोरात फरक पडणार नाही, आठवडे लागतील.

एक इशारा. बाळाला छातीशी घेऊन सोफ्यावर बसल्या बसल्या डोळा लागणं फार धोक्याचं आहे, बाळ सोफ्याच्या फटीत सरकून गुदमरू शकतं. पेंग येतेय असं वाटलं की बाळाला त्याच्या जागी ठेवा, नाहीतर घरातल्या कुणाच्या तरी हाती द्या.

प्रश्न : मी घरात बरंच करतो. बायकोनं सांगितलेलं एकही काम आजवर टाळलेलं नाही. तरी ती म्हणते, सगळं मलाच बघावं लागतं. माझं काय चुकतंय?

उत्तर : एक छोटी परीक्षा घेते. मुलाची पुढची लस कधी आहे? नखं शेवटची कधी कापली? बूट कितव्या मापाचा, आणि तो आता आखूड होतोय का? तापाचं औषध किती मिली द्यायचं? (हे शेवटचं वयापेक्षा वजनावर ठरतं आणि बाटलीगणिक औषधाची तीव्रता वेगळी असते, म्हणून ते कुणीतरी डोक्यात ठेवावंच लागतं.) उत्तरं बायकोला विचारावी लागली असतील, तर ती कशाबद्दल बोलतेय ते कळलंच असेल. तुम्ही सांगितलेलं करता, पण सांगायचं काय, कधी आणि कुणाला, हे चोवीस तास तीच बघते.

एखादं खातं पूर्ण घ्या. लसी आणि आजारपण घ्या, किंवा संध्याकाळची आंघोळ ते झोप. तारीख लक्षात ठेवणं, सामान संपत आलंय हे दिसणं, वेळ घेणं, सगळं तुमच्याकडे. टॉवेल कुठे आहे हे विचारायला हाक मारायची नाही. आणि हे बाईंसाठी : त्यांनी मुलाला उलटा शर्ट घातला तर घालू द्या, मागून जाऊन सरळ करू नका.

प्रश्न : माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही. सारखं रडू येतं, आणि कधी कधी तर काहीच वाटत नाही. सगळे म्हणतात, एवढं गोड बाळ आहे, तुला काय कमी आहे?

उत्तर : तुमच्या पत्रावर पत्ता नाही, म्हणून इथे लिहावं लागतंय. हे वाचाल त्याच दिवशी घरातल्या एकाला सांगा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, मन हळवं होणं बऱ्याच जणींना होतं. ते दोन आठवड्यांत ओसरतं. पाच महिने टिकतं ते वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि त्यात नैराश्य सर्वांत जास्त. गोड बाळ असून होतो, सुखी घरात होतो. डॉक्टर कदाचित दहा प्रश्नांची एक चाचणी देतील, ती १९८७पासून वापरात आहे. तिच्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, त्याचं खरं उत्तर द्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला सांगा, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडून असाच थकवा आणि उदासी येऊ शकते. बोलून उपचार होतात, औषधंही असतात. अंगावर पाजत असताना चालतील अशीही असतात, तेव्हा त्या भीतीनं थांबू नका. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार मनात आला, तर वेळ घेण्यात दिवस घालवू नका, कुणाला तरी बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर काय बोलावं ते सुचणार नाही. मला लिहिलंत तेच वाचून दाखवा, आणि 'बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही' हे वाक्य सगळ्यात आधी. ते ऐकूनही समोरचे डॉक्टर बाळाच्या वजनाबद्दलच बोलत राहिले, तर दुसरे डॉक्टर बघा.