इंग्लंडमध्ये कुणाच्याही शेतातून चालत जाता येतं का? ससे, पक्षी बघायचे आहेत.

कुणाच्याही नाही. पण शेतातून ‘पब्लिक फुटपाथ’ (कुणालाही चालायचा हक्क असलेली पायवाट) जात असेल तर खुशाल जा, मालकाला विचारायची गरज नाही. फाटकावर पिवळा बाण दिसला की समजायचं. फाटक जसं असेल तसंच सोडा; उघडं असेल तर उघडंच, गुरं पाण्यावर जात असतील. २००० च्या कायद्याने बरेच डोंगर आणि माळरानं वाट सोडूनही फिरायला खुली झाली. तिथे १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याची दोरी जास्तीत जास्त २ मीटर, कारण चंडोल जमिनीवरच घरटं करतो. ससे बघायला मार्चमध्ये पहाटे जा. मागच्या पायांवर उभे राहून थपडा मारतात. बहुतेकदा मादीच नराला हाणते! स्कॉटलंडमध्ये मात्र २००३ च्या कायद्याने जवळपास सगळीकडे मुभा आहे.