कोपऱ्यातून येणारा ‘व्हायरस’चा इशारा

प्रश्न : मी घरीच मराठी टायपिंगची कामं घेते. पीडीएफचं वर्ड करून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, तेव्हापासून क्रोममध्ये काही शोधलं की गूगलऐवजी भलतंच पान उघडतं. शिवाय स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारखं येतं, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत’. शेजारचा मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारा. पण गिऱ्हाइकांच्या सगळ्या फायली त्यातच आहेत. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, फॉरमॅटची घाई करू नका. फायलींची एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या आणि त्या इशाऱ्यावर क्लिक करू नका. त्यात फोन नंबर असेल तर तो मुळीच लावू नका. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कुणी अशा नंबरवरच्या माणसाला आधीच पैसे भरून बसलं असेल, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी दिसतात. तो इशारा नीट वाचा. खाली बारीक अक्षरात ‘गूगल क्रोम’ आणि एखाद्या अनोळखी वेबसाइटचं नाव दिसेल. म्हणजे व्हायरस वगैरे कुणी तपासलेलाच नाही. ‘तुम्ही रोबो नाही ना? मग अलाऊ दाबा’ असं सांगून त्या साइटनं नोटिफिकेशनची परवानगी काढून घेतलेली असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि परवानगीच्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. इशारे थांबतील.

सर्चचं पान बदललं ते मात्र जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, म्हणजे अ‍ॅडवेअरमुळे. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर हे आत येतं, कारण प्रत्येक इन्स्टॉलमागे ते फुकटचं सॉफ्टवेअर देणाऱ्याला पैसे मिळतात. विंडोजमध्ये इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा. त्या दिवशी आलेलं सगळं तिथे एकत्र दिसेल. अनोळखी असेल ते काढा. मग क्रोमची एक्स्टेन्शन्स (क्रोमला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) तपासा आणि अनोळखी असतील ती काढा, आणि मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीचं अ‍ॅडव्हक्लीनर (AdwCleaner) हे अ‍ॅडवेअर काढणारं सॉफ्टवेअर त्यांच्याच साइटवरून घेऊन एकदा चालवा. ते मोफत आहे.

‘नुसत्या जाहिराती तर आहेत’ म्हणून हे सोडून देऊ नका, असं मी कळकळीनं सांगतो. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर कंपनीनंच घातलेलं सुपरफिश नावाचं अ‍ॅडवेअर उघडकीला आलं. जाहिराती घुसवण्यासाठी त्यानं स्वतःचं प्रमाणपत्र (साइट खरी असल्याची डिजिटल हमी) विंडोजमध्ये बसवलं होतं, त्यामुळे बँकेच्या साइटचं सुरक्षित कनेक्शनही बाहेरच्या माणसाला फोडता आलं असतं.

पुढच्या वेळी इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडा आणि सोबत येणाऱ्या जादा सॉफ्टवेअरपुढच्या टिकच्या खुणा काढा. विंडोज सिक्युरिटीत अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलखाली ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ चालू आहे ना, तेही पाहा. तसं तुम्हाला ते सॉफ्टवेअर लागणारच नाही: वर्ड २०१३ किंवा त्यानंतरचं असेल तर पीडीएफ थेट त्यातच उघडते. स्कॅन केलेल्या किंवा जुन्या मराठी फॉन्टमधल्या पानांना मात्र त्याचा उपयोग नाही.