‘उद्यापासून कॉल नाही’: सेटवरून काढलं तर दाद कुठे मागायची?

प्रश्न : मुलीने मेकअपचा डिप्लोमा केला आहे. गोरेगावला एका मालिकेच्या सेटवर असिस्टंट म्हणून बोलावलं आहे. पण तिच्या कोर्समधली एक मुलगी गरोदर असल्याचं कळताच तिला ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून सांगितलं. अशा वेळी कोर्टात काही होतं का? मुलीला पाठवू का? (एक आई, सांगली)

ताई, मुलीला जरूर पाठवा. मात्र पहिल्या दिवसापासून कागद जपायला शिकवून पाठवा.

मालिकांच्या कामात काढून टाकल्याचं पत्र सहसा मिळतच नाही. रात्री उद्याची कॉलशीट (कोणी कधी कामावर यायचं याची यादी) येते आणि तिच्यात नाव नसतं. विचारलं तर ‘बजेट कमी झालंय’ एवढंच उत्तर. म्हणून दावा लावला की काढलं ते योग्य की अयोग्य, हा मुद्दा नंतर येतो. आधी समोरचा विचारतो, ‘ही आमच्याकडे कामाला होती कुठे?’ चॅनल प्रॉडक्शन हाऊसकडे बोट दाखवतं, प्रॉडक्शन हाऊस मेकअप दादांकडे (सेटवरच्या मुख्य मेकअपमनकडे), आणि दादांनी पैसे रोख दिलेले असतात. चांगली, खरी तक्रार इथेच अडकते.

यावर उपाय साधे आहेत. पैसे बँकेतच घ्यायचे. प्रत्येक कॉलशीट, व्हाउचर आणि सेटच्या ग्रुपवरचे निरोप जपायचे, आणि स्क्रीनशॉटवर न थांबता पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या मेलवर पाठवायचं. जुना फोन विकायचा नाही, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. आयकर पोर्टलवर आपल्या नावाने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कोणी कापला आणि तो पगार म्हणून की व्यावसायिक शुल्क म्हणून, हे दर तिमाहीला पाहायचं. ‘मालक कोण’ या वादात ती नोंद फार कामाची ठरते. करारही मागायचाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत, म्हणजे नव्या कामगार कायद्यांत, दृक्‌श्राव्य निर्मितीतल्या कामगारांशी लेखी करार करण्याची तरतूद आहे.

आता त्या गरोदर मुलीचं. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत एकाच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालं असेल, तर मातृत्व लाभाचा हक्क मिळतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि त्या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. रोजंदारीवरच्या महिलांनाही हा लाभ मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं. कराराची मुदत संपली म्हणून लाभ तोडता येत नाही, हे त्याच न्यायालयाच्या २०२३ च्या कविता यादव निकालात स्पष्ट झालं. म्हणजे तिच्या प्रकरणाचा कणा ८० दिवसांची हजेरी हाच आहे. आज तिच्याकडे किती कॉलशीट आहेत, हे तिला आजच मोजायला सांगा. लाभ नाकारला तर अपिलाला ६० दिवसच असतात.

प्रत्येक भेदभावाला मात्र असा कायदा नाही, हेही सांगायला हवं. लिंगावरून कमी मजुरी देता येत नाही. लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत कामाच्या ठिकाणच्या अंतर्गत समितीकडे करायची. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा समितीच नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. पण ‘वय झालं’, ‘चेहरा जुना झाला’ म्हणून खासगी निर्मात्याने काढलं, तर आपल्याकडे त्यावर वेगळा कायदा नाही. ब्रिटनमध्ये तो आहे, म्हणून तिथे २०११ साली निवेदिका मिरियम ओ’रायली बीबीसीविरुद्ध वयाच्या भेदभावाचा दावा जिंकू शकल्या. आपल्याकडची ही पोकळी मला फार खटकते.

तुमच्या मुलीच्या क्षेत्रातला एक निकाल तर तिला माहीत असायलाच हवा. मुंबईतल्या मेकअप आर्टिस्ट संघटनेच्या नियमांनुसार बायकांना फक्त केशरचनेचं सदस्यत्व कार्ड मिळे. मेकअप करायचा तो पुरुषांनी. चारू खुराना आणि इतरांच्या अर्जावर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन रद्द केलं, आणि महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याची अटही काढून टाकली. सेटवर आजही कोणी ‘बाई आहेस, हेअर कर’ म्हणालं, तर या निकालाचा हवाला द्यावा.

काम बंद झालंच तर त्याच दिवशी प्रॉडक्शन हाऊसला मेल करायचा : ‘अमुक तारखेपासून मला कॉल दिलेला नाही. मी कामावर यायला तयार आहे. कारण लेखी कळवावे.’ नंतर ‘तिनेच काम सोडलं’ असं म्हणायची सोय राहत नाही. दबावाखाली ‘वैयक्तिक कारणाने थांबते’ असा मेसेज टाकणं ही सर्वात महागात पडणारी चूक. दुसरा सापळा थकलेल्या पैशांचा. मालिकांचे पैसे ९० दिवसांनी मिळण्याची पद्धत आहे आणि ते देताना ‘आता कोणताही दावा उरलेला नाही’ अशा कागदावर सही मागतात. तशी सही करायची नाही; अगदीच अडलं तर सहीवर ‘हक्क राखून’ लिहायचं आणि फोटो काढून ठेवायचा.

मेकअप हे कुशल काम असल्यामुळे ती कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसते, असं मांडता येतं. मग कामगार आयुक्तालयात समेटाचा अर्ज करायचा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं, पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. तिथे पुन्हा कामावर घेण्याचा आदेश मिळू शकतो. दिवाणी न्यायालयात सहसा नोटिशीच्या काळाइतकी भरपाई पदरात पडते, त्यामुळे आधी तिकडे धावू नका. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करून चौकशी करता येते. त्या मैत्रिणीला हा नंबर आजच द्या, तिचे ६० दिवस चालू झाले असतील.